आमच्या आभारांचे पन्नास पैसे

प्रति,
मा. मुख्य पोस्टमास्तर जनरल,
महाराष्ट्र परिमंडळ, मुंबई ४०० ००१

विषय : आभाराची पत्रे, त्यांचा खर्च आणि पोस्टकार्डाचा दर

महोदय,


हे पत्र तक्रारीचे नाही. आपल्या टेबलावर असे पत्र क्वचितच येत असेल, म्हणून आधीच सांगून टाकतो.

आमच्या तालुक्याच्या गावात एक जुने वाचनालय आहे. तिथले आम्ही काही सभासद महिन्यातून एकदा जमतो, पोस्टकार्डे वाटून घेतो आणि ज्याचे आभार मानायचे राहून गेले असतील त्याला चार ओळी लिहितो. वादळाच्या रात्री खांबावर चढून वीज परत आणणारा वायरमन, सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला धीर देणारी नर्स, म्हातारीला हात धरून गाडीतून उतरवणारा कंडक्टर. मेमोखेरीज ज्यांच्या नावाने दुसरा कागद सहसा निघत नाही, अशी ही माणसे. लिहून झाले की कार्डे बाजारातल्या लाल पेटीत टाकतो, चहा पितो आणि घरी जातो. उपक्रम म्हणावा असे त्यात काही नाही. पण सुरुवात करताना आमच्या मनात आणखी एक गोष्ट होती, की यातून पोस्टालाही थोडा हातभार लागेल.

त्या कल्पनेला सुरुंग लावला तो आमच्यातल्याच एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने. त्यांनी आपल्याच खात्याच्या २०१६-१७ च्या वार्षिक अहवालातला आकडा काढून आणला. एका पोस्टकार्डामागे खात्याला बारा रुपयांहून अधिक खर्च येतो आणि वसूल होतात पन्नास पैसे. "म्हणजे आपण दर कार्डामागे पोस्टाला साडेअकरा रुपयांना बुडवतो," ते म्हणाले. "आभार मानायचेच असतील तर फोन करा. पोस्ट तुमचे आभार मानेल." सगळे हसले. त्या दिवशीची कार्डे तरीही पेटीत पडली, पण तो आकडा माझ्या डोक्यातून काही जाईना. हे पत्र त्यातून निघाले आहे.

पत्रे लिहून टपालसेवा वाचवा, हे आवाहन अमेरिकेत २०२० मध्ये चांगलेच गाजले. महासाथीच्या दिवसांत तिथली टपालसेवा अडचणीत आली, तेव्हा लोकांनी तिकिटांचे संच विकत घेतले, शिक्षकांना, डॉक्टरांना, जुन्या मित्रांना पत्रे धाडली. तिथे त्याला अर्थ होता. तिथली टपालसेवा आपला रोजचा खर्च करांच्या पैशातून न भागवता तिकिटे आणि पार्सलांच्या उत्पन्नातून भागवते. विकत घेऊन ड्रॉवरमध्ये पडलेले तिकीटसुद्धा तिच्या फायद्याचे. आपल्याकडचे पोस्ट हे सरकारचे खाते आहे. त्याची तूट हजारो कोटींत जाते, ती केंद्राच्या तिजोरीतून भरली जाते आणि खर्चाचा फार मोठा वाटा पगार व निवृत्तिवेतनाचा असतो. तिथे आमच्या पन्नास पैशांनी काय होणार? तेव्हा अमेरिकेतला उपाय इथे जसाच्या तसा लागू पडत नाही, हे आम्हाला मान्य आहे.

पण बारा रुपयांचा आकडाही नीट वाचायला हवा. तो सरासरीचा आहे. पेटी उघडणाऱ्याचा पगार, शिक्का मारणाऱ्याचा पगार, टपालाची छाटणी करून ते पुढे धाडणाऱ्या रेल्वे टपाल सेवेचा (आरएमएसचा) खर्च, पोस्टमनची फेरी, हे सगळे एकत्र करून पत्रांच्या संख्येने भागले की तो निघतो. पोस्टमन आमच्या आळीत आज येणारच आहे. कोणाचे आधार कार्ड, कोणाचे एटीएम कार्ड, कोणाची कोर्टाची नोटीस त्याच्या पिशवीत आहेच. त्यात माझे एक कार्ड जास्त पडले म्हणून खात्याचे बारा रुपये जास्त जात नाहीत; काही पैसे जात असतील. उलट पिशवी जितकी हलकी, तितका दर पत्रामागचा खर्च चढा.

एसटीचे उदाहरण घेतो, ते आपल्या परिमंडळात कोणालाही कळेल. सकाळची मुक्कामी गाडी दहा उतारू असोत की चाळीस, तेवढेच डिझेल खाते. अकरावा उतारू तिला तोट्यात घालत नाही. गाडी रिकामी धावू लागली की मात्र आगारात एक शब्द ऐकू येतो : भारमान कमी. त्या शब्दानंतर फेरी बंद होते, आणि एकदा बंद झालेली फेरी परत सुरू करून घेण्यात गावाच्या सरपंचाची सगळी कारकीर्द जाते. पत्राच्या फेरीचेही तेच आहे. पेटीत पत्रे पडत नाहीत म्हणून पेटी काढली जाते, पेटी नाही म्हणून उरलेलेही लिहिणे सोडतात, आणि मग "लोक आता पत्रे लिहीत नाहीत" हे वाक्य अहवालात जायला तयार असते. आमची कार्डे पैशाने पोस्टाला तारणार नाहीत. भारमानात मात्र ती मोजली जातात, आणि आमचा हातभार असलाच तर तो एवढाच आहे.

ही भीती कल्पनेतली नाही. डेन्मार्कच्या सरकारी टपालसेवेने ३० डिसेंबर २०२५ रोजी शेवटची पत्रे वाटली आणि १६२४ पासून चालत आलेले पत्रवाटपाचे काम थांबवले. तिथे २००० सालापासून पत्रांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली होती, आणि देशभरातल्या दीडेक हजार पेट्या काढून टाकायचे ठरले. पत्र पाठवायचे असेल तर आता खासगी कंपनी आहे. डेन्मार्क श्रीमंत आणि लहान देश, सगळा कारभार संगणकावर. त्यांचे चालून जाईल. आपल्याकडे गडचिरोलीतल्या दुर्गम पाड्यावर पत्र नेऊन देण्यात खासगी कुरिअरला काय रस असणार? आणि आपल्याकडेही कायदा बदलला आहे. १८९८ च्या कायद्याने पत्रे वाहून नेण्याचा जो एकाधिकार सरकारकडे ठेवला होता, तो २०२३ च्या नव्या टपाल कायद्यात उरलेला नाही. तो कायदा १८ जून २०२४ पासून लागूही झाला. म्हणजे पत्रांच्या बाबतीत आता पोस्टाकडे हक्काचे असे काही नाही. लोक ज्या कामासाठी त्याच्या दारात येतील, तेवढेच काम त्याचे.

गेल्या काही वर्षांत टपालातल्या एकेका गोष्टीला आम्ही निरोप देत आलो. २०१३ च्या जुलैत तार गेली. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. रजिस्टर म्हणजे आता स्पीड पोस्टावर घ्यायची एक जादा सोय. डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकांसाठीची स्वस्त टपालसेवा बंद झाली तेव्हा मराठी प्रकाशकांच्या आणि आमच्यासारख्या वाचनालयांच्या पोटात गोळा आला होता. पुढे मे २०२५ मध्ये 'ज्ञान पोस्ट' सुरू झाली आणि निदान काही पुस्तकांना पुन्हा परवडणारा दर मिळाला. पुस्तकांच्या बाजूने बोलायला प्रकाशक होते. साध्या पत्राच्या बाजूने कोण बोलणार? त्याची ना संघटना, ना अध्यक्ष.

आता कार्डाविषयी थोडे. आमच्यातल्या एक बाई सुरुवातीला पाकिटाचा आग्रह धरत होत्या. आभार कसे बंद पाकिटात, चांगल्या कागदावर असावेत. मला कार्डच बरे वाटते, आणि कारण सांगतो. कार्ड उघडे असते. जुन्या काळी हीच त्याची अडचण होती. घरातल्या भानगडी लिहायच्या तर लोक इनलँड घेत, कारण कार्ड पोस्टमन वाचतो, शेजारी वाचतो, आणि ज्याच्या नावाने आले तो सर्वांत शेवटी वाचतो. आभारासाठी नेमके हेच हवे. वायरमनच्या नावाचे कार्ड सेक्शन ऑफिसात गेले की ते आधी शिपाई वाचतो, मग क्लार्क, मग साहेब. वायरमनच्या हाती पडेपर्यंत त्याचे नाव ऑफिसभर झालेले असते. बंद पाकिटाला हे जमणार नाही, फोनला तर नाहीच.

सरकारी कचेरीत त्याहून मोठी गंमत होते. तिथे आलेला प्रत्येक कागद बारनिशीत जातो, त्यावर आवक क्रमांक पडतो आणि तो कुठल्यातरी टेबलाकडे मार्क होतो. आमच्यातल्या एकाने एका कार्यालयातल्या कारकुनाचे आभार मानणारे कार्ड पाठवले. काही दिवसांनी तिथल्या आवक विभागातून फोन आला. "आपलं पत्र मिळालं, पण तक्रार नक्की काय आहे?" यांनी सांगितले, तक्रार नाही, त्या गृहस्थांनी वारसनोंदीच्या कामात फार मदत केली, एवढेच. पलीकडे थोडी शांतता. मग प्रश्न : "मग हे कुठल्या टेबलाला पाठवायचं?" शेवटी ते आस्थापनेकडे गेले म्हणे, आणि तिथून त्या कारकुनाच्या फाइलला लागले. लाच मागितल्याची, फाइल हरवल्याची, उद्धट बोलल्याची पत्रे जिथे लागतात, त्याच फाइलला आभाराचा एक कागद क्रमांकासह लागला. मोबाइलवर आलेला फुलांचा गुच्छ कुठल्याही फाइलला लागत नाही.

लिहायचे काय, यावर आमच्यात वाद झाले. "आपल्या उत्कृष्ट सेवेबद्दल मनःपूर्वक धन्यवाद" असे लिहिलेली कार्डे आम्ही एकमेकांना परत करतो. त्यात माणूस दिसत नाही; सत्काराच्या ट्रॉफीवर तेच छापलेले असते. काय केले, कधी केले, त्याने कोणाचे काय सोपे झाले, हे तीन-चार ओळींत आले पाहिजे. चौदा सेंटिमीटर बाय नऊच्या त्या पुठ्ठ्यावर, पत्ता टाकल्यावर, तेवढीच जागा उरते. ती पुरते. मुंबईच्या गिरणीतून कोकणात जाणाऱ्या मनीऑर्डरच्या फॉर्मवर खुशालीसाठी त्याहूनही कमी जागा असायची, आणि तेवढ्यात पगार, पाऊस, म्हैस आणि गणपतीला येण्याचा वायदा, सगळे बसायचे.

तरुण सभासदांना मजकूर जमतो, पत्ता जमत नाही. पत्ता उजवीकडे लिहायचा की डावीकडे, 'मु. पो.' कुठे, हे विचारावे लागते. पिनकोड मात्र प्रत्येकाला पाठ. ऑनलाइन खरेदीने तेवढे केले. हे सहा आकडे १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशाला दिले ते श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने, आणि ते संस्कृतचे नामवंत कवी व नाटककार होते, हे सांगितले की मुले चकित होतात. इतक्या वेगवेगळ्या भाषा आणि लिप्यांत लिहिलेले, एकाच नावाची दहा गावे असलेले पत्ते त्यांनी आकड्यांत बसवले. पहिले तीन आकडे टपाल छाटणीच्या जिल्ह्यापर्यंत नेतात, पुढचे तीन थेट वाटप करणाऱ्या पोस्टापर्यंत. आता खात्याने डिजिपिन आणला आहे. दहा अक्षरांत चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन सापडतो. चांगले आहे, रुग्णवाहिकेला उपयोगी पडेल. आमच्या वाड्यात मात्र त्या एका चौकोनात दोन भाऊ राहतात आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. कोणाचे पत्र कोणाला द्यायचे, हे अजून पोस्टमनलाच ठाऊक असते.

आता मुख्य मागणी. महोदय, पोस्टकार्डाचा दर वाढवा.

नागरिकाने पत्र लिहून दरवाढ मागावी, हे आपल्याला विचित्र वाटेल. आमच्या बँकवाल्या सभासदांनाही वाटले. कार्डाचा दर ठरवणे आपल्या हातात नाही, ते दिल्लीत ठरते, हेही ठाऊक आहे. पण आपली शिफारस तिथे जाते. १ जुलै १८७९ रोजी हे कार्ड भारतात आले ते पाव आण्याला. मजुराला, शेतकऱ्याला, घरापासून लांब गेलेल्या माणसाला परवडावे म्हणून ते मुद्दाम स्वस्त ठेवले गेले, आणि त्या काळी ते योग्यच होते. आज त्या माणसाच्या खिशात मोबाइल आहे आणि तो घरच्यांशी रोज तोंड पाहून बोलतो. पन्नास पैशांची सवलत आता कोणाच्या पदरात पडते? आमच्यासारख्या हौशी लोकांच्या, संस्थांच्या, वर्गणीची आठवण पाठवणाऱ्या मंडळांच्या. शिवाय पन्नास पैशांचे नाणे कायद्याने चालत असले तरी बाजारात चालत नाही, त्यामुळे एक कार्ड घ्यायला गेलेला माणूस दोन घेऊन येतो. तीन रुपये करा, पाच करा. साध्या पाकिटाला पाच रुपयांचे तिकीट लागतेच. खात्याला हे नवीन नाही. दूरदर्शनच्या 'सुरभि'सारख्या कार्यक्रमांना पोत्यांनी कार्डे जाऊ लागली, त्या काळात स्पर्धांसाठी वेगळे, महाग कार्ड काढलेच होते. आमच्या आभारांवर साडेअकरा रुपयांचे अनुदान नको. ते घेऊन आम्ही पोस्टाला मदत करतो असे म्हणायला संकोच वाटतो.

एक अट मात्र आहे. दर वाढवा, पण अंतरावर लावू नका. १ ऑक्टोबर १८५४ रोजी टपाल खाते नव्याने उभे राहिले तेव्हाची सर्वांत मोठी गोष्ट हीच होती, की पत्र जवळ जावो की लांब, वजन तेच असेल तर दर तोच. त्याआधी कलकत्त्याला पत्र पाठवायचे तर मैल मोजून पैसे पडत. स्पीड पोस्टात स्थानिक आणि बाहेरगावचे वेगळे दर आहेत, ते तिथे शोभतात. साध्या पत्रात पणजी, परभणी आणि पासीघाट एकाच दरात असली पाहिजेत. खासगी कंपनी हे कधीच करणार नाही. उद्या कोणी विचारले की सरकारी पोस्ट कशाला हवे, तर माझ्याकडे देण्यासारखे उत्तर हे एकच आहे, आणि ते पुरेसे आहे असे मला वाटते.

वाढीव दराच्या बदल्यात काय मागायचे तेही सांगतो. प्रत्येक पोस्टात, शाखा डाकघरातसुद्धा, कार्डे आणि पाच रुपयांची तिकिटे कायम असावीत. तिकिटांचा छापखाना तर आपल्याच नाशिक रोडला आहे. पेटी हलवायची किंवा काढायची असेल तर महिनाभर आधी तिच्यावर तसा कागद चिकटवावा, म्हणजे लोकांना त्या महिन्यात पत्रे टाकून भारमान वाढवायची संधी मिळेल. आणि साधे पत्र किती दिवसांत पोचते, याची पाहणी करून परिमंडळाने ते दरवर्षी जाहीर करावे. स्पीड पोस्टाचा माग मोबाइलवर निघतो. साध्या पत्राला माग नसतो, म्हणून त्याच्या उशिरालाही नोंद नसते. ज्याची नोंद नाही त्याची काळजी कोणी घेत नाही, हे सरकारी खात्यात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागू नये.

राहता राहिले ते ग्रामीण डाकसेवक. देशातल्या दीड लाखाहून अधिक पोस्टांपैकी दहातली नऊ खेड्यांत आहेत आणि ती बहुतेक याच लोकांच्या खांद्यावर चालतात. कागदोपत्री हे अर्धवेळ काम. चार तासांच्या कामासाठी डाकसेवकाचा मूळ भत्ता २०१८ पासून दरमहा १०,००० रुपयांपासून सुरू होतो, शाखा पोस्टमास्तरचा १२,००० पासून. पोटापाण्याचा दुसरा उद्योग असावा, असे नियमच गृहीत धरतो. नियमित कर्मचाऱ्यासारखे निवृत्तिवेतन नाही. मात्र बचत खाते, विमा, पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचे पैसे अंगठा घेऊन घरपोच देणे आणि शेवटी पत्र, हे सारे त्याच्याकडे. लाडकी बहीण योजनेच्या दिवसांत पोस्टात खाती उघडायला बायकांची जी गर्दी लोटली, ती या मंडळींनीच झेलली. चार तास हा शब्द वाचून ते हसतात, रागावतही नाहीत.

शहरात पोस्टमन दिवाळीची पोस्त मागायला येतो तेव्हा त्याचे वर्षातून एकदा का होईना तोंड दिसते. वाडीवस्तीवरच्या डाकसेवकाला पोस्तही मिळत नाही. म्हणून १० ऑक्टोबरला, राष्ट्रीय टपाल दिनी, आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक शाखा डाकघराच्या पत्त्यावर एकेक कार्ड जाईल. नावानिशी आणि कामानिशी लिहिलेले असेल. कोणाची पेन्शन पावसात घरी नेऊन दिली, कोणाचे नेमणुकीचे पत्र शेतावर नेऊन पोचवले, तसे. त्या प्रत्येक कार्डाची प्रत विभागाच्या अधीक्षकांकडेही पाठवू. आपल्याकडून एवढेच हवे, की त्या प्रती त्या त्या माणसाच्या सेवानोंदीला लावाव्यात, असे एक परिपत्रक परिमंडळातल्या सर्व अधीक्षकांना जावे. गोवा विभागासह. यासाठी वेगळे टेबल लागणार नाही, आणि पैसाही.

कार्डाच्या दराबाबत आपले मत काय, हे कळले तर बरे होईल. उत्तर साध्या टपालाने आले तरी चालेल.



आपला,
एक वाचनालय सभासद